डाव्या कडेची लाल रेघ

शितोळे सरांच्या वहीतला पहिला आलेख
मी लाटेकमध्ये उतरवला, तेव्हा
अक्ष पानाच्या कडेला जाऊन बसले.
चौकोनी चौकट, भोवती आकडे,
खिडकीच्या गजांमागे ठेवल्यासारखी वक्ररेषा.
(काकूंनी विचारलं होतं, लाटेक म्हणजे
पोळ्यांचं काही का.)

"हे काय? शून्य कुठेय?" सर म्हणाले.
"अक्ष शून्यातून जातो, मंजिरी.
कडेला असतं ते कुंपण."

मग मी अक्ष मधे आणले. एका शब्दाचं काम: मिडल.
टोकांना बाण लावले, खुणा बारीक केल्या,
आरंभबिंदूपाशी दोनदा उमटणारं शून्य एकदाच ठेवलं,
क्ष उजवीकडे, य माथ्यावर, किंचित हटून,
बाण नावाला टोचू नये म्हणून.
दांडिया बाजारातल्या त्या दुसऱ्या मजल्यावर
एक घन फलन तिसऱ्या चरणातून वर आलं
आणि पहिल्यातून निघून गेलं.

हे फेब्रुवारीतलं.
एप्रिलमध्ये सरांच्या मेंदूत, उजव्या बाजूला,
एक गुठळी अडकली.
हात वाचला, बोलणं वाचलं, कलनशास्त्र शाबूत;
फक्त डावीकडचं जग गेलं.
डोळे ठीक आहेत, डॉक्टर म्हणाले.
डावीकडे काही असतं
हेच त्यांच्या लक्षात येत नाही.

अर्ध्या ताटातलंच जेवायचे
आणि विचारायचे, आज भाजी नाही केलीस?
काकू ताट फिरवायच्या. भाजी यायची.
दाढी अर्धीच.
दर्शनाबेन व्यायाम घ्यायला येत, रोज तेच:
डाबी बाजु जुओ, साहेब. डाबी.
काकू मागून: डावी हो, डावी.
एका अक्षराचा फरक, आणि सर दोघींकडेही न बघता
खिडकीतून रावपुऱ्याकडे वळणारी रिक्षा बघत,
उजवीकडची.

मुद्रितं घेऊन गेले तेव्हा म्हणाले,
"अर्धंच काढलंस. ऋण बाजू कुठेय?"
तिथेच होती. दुसरा चरण, तिसरा चरण,
उणे एक, उणे दोन, सगळं जागच्या जागी.
धन तेवढं दिसतंय, असा एक स्वस्त विनोद
माझ्या जिभेवर आला. गिळला.

युक्ती दर्शनाबेनची:
पानाच्या डाव्या कडेला लाल पट्टी चिकटवायची,
लाल लागेपर्यंत नजर मागे न्यायची.

त्या रात्री सत्तेचाळीस आलेखांत
मी एक जास्तीची रेघ घातली.
रंग लाल, जाडी दोन पॉइंट, बाण नाही, आकडे नाहीत,
अगदी डाव्या टोकाला, उणे पाचवर.
अक्षांना हात लावला नाही. ते मधेच.
हे कुंपणच आहे, सर.

पेन्सिल घेऊन बसले.
मधला अक्ष ओलांडताना पेन्सिल थबकायची,
विश्वामित्रीच्या पुलावर मगर दिसते का बघायला
माणसं थांबतात तशी.
मग सरकायची. उणे एक. उणे दोन. कधी मधेच परत फिरायची.
लाल लागली की "हं".
सदतिसाव्या आलेखात त्यांनी माझी चूक धरली,
डावीकडचीच:
पोकळ वर्तुळ हवं तिथे मी भरीव ठिपका दिला होता.

छापायला देताना रेघा काढायच्या होत्या.
एका ओळीपुढे टक्क्याचं चिन्ह टाकलं की सगळ्या जातात.
शेहेचाळीस गेल्या.
सदतिसाव्यातली मी घाईत वेगळी लिहिली होती,
ती राहिली. एकाच शाईत छापताना करडी झाली.
पान एकशे बारा.

दिवाळीनंतर कुणा मुलाचा फोन आला:
सर, उणे पाचला ही रेघ कसली?
अनंतस्पर्शी आहे का?
सर बराच वेळ काही बोलले नाहीत.
मग म्हणाले, "नाही रे. तिथपर्यंत जाता येतं.
पुढचा प्रश्न सांग."